बदकाचे पाय

बाबांनी सांगून ठेवलं होतं की त्यांची राख वेदरकोटच्या जिभेवर टाकायची आणि त्या वेळी तिथे कुणी नको. जीभ म्हणजे जलाशयाच्या दक्षिण काठापासून पाण्यात शिरलेली दगडगोट्यांची चिंचोळी पट्टी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती वर येते आणि हिवाळी पाऊस लागला की बुडते. त्या आठवड्यात जोराचा पाऊस सांगितला होता, आणि माझा धाकटा भाऊ कॉलिन सोमवारी कॅनडाला परत जाणार होता. म्हणजे रविवार सोडून दुसरा दिवसच नव्हता. 'कुणी नको' ही अट मला अगदी सोपी वाटली होती. नोव्हेंबरातल्या सकाळी कुत्री फिरवणाऱ्या एकदोन बायकांखेरीज तिथे जातं कोण?

आम्ही पोचलो तर गाड्या लावायच्या जागेत एक सायकल टेकवायलाही फट नव्हती. रस्त्याच्या कडेच्या गवतावरसुद्धा गाड्या चढवलेल्या.

"लग्न आहे का कुणाचं?" कॉलिनने विचारलं.

"लग्नाला ही माणसं इतक्या लवकर उठत नाहीत," मी म्हणाले.

पक्षी बघायला आलेली ती माणसं मी कपड्यांवरूनच ओळखली. सगळ्यांचा रंग एक, ओल्या चिखलाचा. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून हा पोशाख घालायचा आणि मग कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकमेकांना हाका मारायच्या. खांद्यावर दुर्बिणीची तिवई, पाठीवर पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास आणि बायकोने करून दिलेलं सँडविच. तिचा वाढदिवस यातल्या निम्म्यांना आठवणार नाही. कुठला कुरव पक्षी कुठल्या साली कुठल्या दलदलीवर पाहिला, ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगतील.

मी हे बाहेरून बोलत नाही. मी असल्याच माणसाच्या घरात वाढले.

राखेची बरणी माझ्या पिशवीत होती आणि बाबांची दुर्बीण तिवईसकट खांद्याला. दुर्बीण कशाला घेतलीस, असं कॉलिनने विचारलं नाही, हे त्याने चांगलं केलं. आम्ही पायवाटेला लागलो तोच मागून एक जाडा माणूस धापा टाकत पुढे गेला आणि मान वळवून ओरडला, "आहे ना हो अजून?"

"कोण?" कॉलिनने विचारलं.

त्याने कॉलिनकडे अशी नजर टाकली, जणू माझ्या भावाने भर रस्त्यात विजार काढली होती, आणि उत्तर न देता तो पळाला.

जिभेच्या मुळाशी सत्तर-ऐंशी माणसं भिंतीसारखी उभी होती. पुढची रांग गुडघ्यांवर, मागची उभी, तिच्याही मागे घरून आणलेल्या घडीच्या शिड्यांवर चढलेली. सगळ्या दुर्बिणी जिभेच्या टोकाकडे रोखलेल्या.

"ए टोपीवाल्या, खाली बस की!"

"मी बसलेलोच आहे. माझी उंचीच एवढी आहे."

"मग झोप!"

गर्दीतून जेफ्री ऑलडिस बाहेर आला. तो जिल्ह्याच्या पक्षिमंडळाचा अध्यक्ष, बाबांचा तीस-चाळीस वर्षांचा सोबती. बाबांच्या अंत्यविधीला आला होता, टाय लावून. दुसरं स्तोत्र चालू असताना त्याच्या खिशातला फोन थरथरला आणि तिसऱ्या स्तोत्राला त्याची जागा रिकामी होती. नंतर कळलं, किनाऱ्यावर कसलीशी टिटवी उतरली होती.

"जूडिथ! तुला कुणी कळवलं? वा, बापाची लेक शोभतेस!" मग त्याची नजर कॉलिनच्या काळ्या कोटावर गेली, माझ्या फुगलेल्या पिशवीवर गेली, आणि त्याचा चेहरा जरा उतरला. "अरे देवा. आज का?"

"आज," मी म्हणाले. "बाबांची जागा तीच आहे, मिस्टर ऑलडिस. टोकाला."

"हो, हो, मला माहीत आहे. पण टोकाला ते बसलंय ना!"

ते म्हणजे बदक. सायबेरियातल्या बैकल सरोवराच्या नावाचं, एक नर. त्याच्या चेहऱ्यावर पिवळ्या आणि हिरव्या रंगाचे तुकडे काळ्या रेघांनी जोडलेले असतात. चित्रात दिसतं त्याहूनही सुंदर, हे मान्य करायला हवं. पण सौंदर्याचा इथे कुणाला पत्ताच नव्हता. ही माणसं पहाटेपासून त्याच्या पायांची वाट पाहत होती.

कारण असं. ते सायबेरियाहून आपल्या पंखांवर आलं असेल, तर आयुष्यात एकदा दिसणारी गोष्ट. आणि कुणा हौशी श्रीमंताच्या बागेतल्या तळ्यातून निसटलं असेल, तर कचरा. पक्षी तोच, पिसं तीच. पण पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत ते धरत नाहीत. पाळलेल्या बदकांच्या पायात बहुधा कडं असतं. पाय दिसले की निकाल. आणि बदक पहाटेपासून दगडांवर पोट टेकून, चोच पाठीत खुपसून झोपलेलं. ऐंशी शिकलीसवरलेली माणसं, त्यात दोन डॉक्टर आणि एक न्यायाधीश माझ्या ओळखीचे, एका बदकाने उभं राहावं म्हणून थंडीत गुडघे टेकून होती. चर्चमध्ये मी त्यांना इतकं एकाग्र कधी पाहिलं नाही.

"एकदा पाय दिसू देत," ऑलडिस म्हणाला, "मग तू आणि कॉलिन निवांत जा. ॲल्बनने स्वतः हेच सांगितलं असतं. सांगितलं नसतं का?"

ॲल्बन म्हणजे बाबा. त्यांनी खरोखर हेच सांगितलं असतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आम्ही काठाने पुढे जाऊन पाण्याच्या वळणावर, वाळुंजाच्या झाडांखाली बसलो. तिथून जिभेची दुसरी बाजू दिसते. कॉलिनने सँडविच काढलं, आत काय आहे ते उलगडून पाहिलं आणि परत गुंडाळून ठेवलं.

"माझं विमान उद्या सकाळी आहे, जूडी."

"मला माहीत आहे."

"आणि आता त्यांच्यासमोर टाकायची? शिडीवर चढलेत लेकाचे! बाबांना घरातसुद्धा चारपेक्षा जास्त पाहुणे चालत नसत."

"तेही मला माहीत आहे."

"तुला सगळं माहीत असतं," तो म्हणाला. "लहानपणापासून."

तेवढ्यात बदक जागं झालं. ते पाण्यात सरकलं ते आमच्या बाजूला, जिभेच्या उंचवट्याआड. पलीकडून एक सामुदायिक हुंदका ऐकू आला. त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. मी दुर्बीण तिवईवर लावली. हात आपोआप चालले. बदक थोडं पोहलं, एका सपाट दगडावर चढलं, अंग झाडलं आणि उभं राहिलं.

मला त्याचे दोन्ही पाय दिसले. पिवळट करडे, ओले, कोरे. कडं नाही. मागची छोटी बोटंही शाबूत होती. पाळणारे कधी कधी पिल्लाचं ते बोट खूण म्हणून कापतात. असली माहिती माझ्या डोक्यात आहे आणि फ्रेंच क्रियापदं मी विसरले, याचा मला वैताग येतो. पण आहे.

"काय आहे?" कॉलिनने विचारलं.

"कोरे आहेत. खरंखुरं रानटी आहे."

कॉलिनने गर्दीकडे नजर टाकली. पक्ष्यांतलं त्याला काही कळत नाही. पण तोही त्याच घरात वाढला आणि या माणसांना कशाने पळवून लावता येतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कडं आहे म्हणून सांग."

"कॉलिन."

"निळं. डाव्या पायात. दहा मिनिटांत एक माणूस उरणार नाही इथे. सांग ना! बाबांसाठी!"

मी काही बोलायच्या आत तो उठून वळणावरून गर्दीकडे चालू लागला आणि हात वर करून ओरडला, "कडं आहे! कडं आहे त्याच्या पायात!"

गर्दीचा चेहरा पडला, एकदम, सगळ्यांचा एकच असावा तसा. "तरी मी म्हणत होतो," कुणी म्हणालं. "पाळीव! प्लॅस्टिकचं बदक!" कुणी म्हणालं. "न्यूकॅसलहून आलो रे मी यासाठी!" ज्या पक्ष्यासमोर ते पहाटेपासून गुडघ्यांवर होते, त्याला आता शिव्या. एकाने तिवई मिटलीसुद्धा. पण ऑलडिस कॉलिनकडे पाहत नव्हता. तो दगडांवरून ठेचाळत माझ्याकडे आला आणि त्याच्यामागून आणखी पाचसहा जण.

"जूडिथ," तो म्हणाला, "कॉलिनला कावळा आणि कोंबडी यातला फरक कळत नाही, माफ कर. तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"ॲल्बनच्या दुर्बिणीतून?"

"हो."

"मग सांग. तू म्हणशील ते आम्ही धरू."

त्या सकाळी पहिल्यांदाच तिथे शांतता होती. कडं आहे म्हटलं असतं तर ती तशीच राहिली असती. ऑलडिसच्या मागे, त्याच्या खांद्यावरून, कॉलिन माझ्याकडे पाहत होता आणि भुवयांनी विनवत होता.

आईच्या शेवटच्या आठवड्यात तिने बाबांना विचारलं होतं, "मी आज जरा बरी दिसतेय का रे?" बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, खिडकीतला उजेड पडावा म्हणून थोडे बाजूलाही सरकले, आणि म्हणाले, "नाही." मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. आई मात्र त्यानंतर दुसऱ्या कुणालाही काही विचारेना. डॉक्टरांनाही नाही. जे विचारायचं ते बाबांनाच.

"कोरे आहेत," मी म्हणाले. "दोन्ही. मागची बोटंही आहेत. कॉलिनला दिसलं नाही नीट."

ऑलडिसने डोळे मिटले. मग त्याने मला मिठी मारली, जी त्याने अंत्यविधीला मारली नव्हती. बातमी गर्दीत पोचली आणि ओरडा उठला. मोठमोठी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. न्यूकॅसलवाला रडत होता. प्लॅस्टिकचं बदक पुन्हा राजा झालं, आणि बदक त्या दगडावर पाय खाजवत होतं.

"झालं ना?" मी म्हणाले. "आता बाजूला व्हा."

"हो, हो, नक्की. फक्त... जूडिथ, लीड्सहून माणसं निघालीत. कार्डिफहूनही. आता ते पक्कं झालंय म्हटल्यावर... तासभर? फार तर दोन?"

"तुमचं मोजून झालं?"

"आमचं झालं गं, पण मागून येणाऱ्यांचं काय?"

"त्यांना सांगा, होतं म्हणून."

मी पिशवी उचलली आणि जिभेवर पाऊल ठेवलं. मागे आधी कुजबूज झाली, मग दबल्या आवाजातला आरडाओरडा, कारण मोठ्याने ओरडलं तर बदक उडेल. "अहो बाई! बाई, थांबा!" "धरा कुणीतरी तिला!" "तू धर!" "मी कसा जाऊ? दोन माणसं पाहून ते उडणारच!" ऐंशी जणांपैकी कुणालाही मला अडवता येत नव्हतं, कारण अडवायला जिभेवर यावं लागलं असतं. ते काठावरच दात-ओठ खात राहिले. एकटा कॉलिन आला. त्याला बदकाची भीड नव्हती.

आम्ही अर्ध्यावर पोचलो आणि बदक उडालं. पाण्यावरून सरळ वर, मग वळून, पूर्वेकडे. मागून जो आवाज आला तो मी कुणाच्या मरणावर ऐकलेला नाही.

टोकाशी पोचल्यावर बरणीचं झाकण मला निघेना. कॉलिनने ते कोटाच्या बाहीत धरून फिरवलं. राख म्हणतात, पण ती राखेसारखी मऊ नसते. भरड असते, वाळूसारखी, आणि वाटते त्यापेक्षा जड. पाण्यात टाकायला बंदी आहे, ते पाणी लोकांच्या नळाला जातं. म्हणून आम्ही ती वरच्या कोरड्या गोट्यांमध्ये ओतली, थोडी त्याने, थोडी मी. वारा नव्हता. ती जिथे पडली तिथेच राहिली.

मग मी मागे पाहिलं. मला वाटलं होतं की सगळ्या दुर्बिणी आमच्यावर असतील. एकही नव्हती. ऐंशी माणसं आमच्याकडे पाठ करून पूर्वेच्या आभाळात बदक शोधत होती. शिड्यासुद्धा वळवल्या होत्या. टोपी कुणी काढली नव्हती, मान कुणी झुकवली नव्हती, ऑलडिसनेही नाही. इतक्या माणसांनी मिळून माणसाला इतकं एकटं सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कुणी नाही, बाबा," मी म्हणाले.

कॉलिनने नाक पुसलं.

"जूडिथ!" ऑलडिस काठावरून ओरडत होता. "तुम्ही जवळ होता! कुठे उतरलं ते पाहिलंस?"

मी पाहिलं होतं. धरणाच्या भिंतीजवळच्या लव्हाळ्यात, थेट दुसऱ्या टोकाला. काठाने चालत गेलं तर तासाची वाट.

"नको सांगूस," कॉलिन म्हणाला. "शोधू दे मेल्यांना."

मी हात लांब करून धरणाकडे दाखवलं. तिवया मिटल्या, शिड्या खांद्यावर गेल्या, आणि सगळी चिखलाच्या रंगाची भिंत गाड्यांकडे जाणाऱ्या पायवाटेवर ढकलाढकली करत निघाली. "थँक यू, जूडिथ!" ऑलडिस जाता जाता ओरडला. थोड्या वेळाने वळणावर शेवटची टोपी दिसेनाशी झाली.

"बरणीत काय आहे, हे एकानेही विचारलं नाही," कॉलिन म्हणाला.

"माहीत होतं त्यांना."

तो रिकामी बरणी हातात धरून उभा होता. पाण्यावर नेहमीची काळी पाणकोंबडी दोन वाढलेल्या पिल्लांना घेऊन निघाली होती, जिच्यासाठी कार्डिफहून कुणी येत नाही.

"बस," मी म्हणाले. "गाड्या निघायला वेळ लागेल."