उपसा

सत्तावन्न सालचा वैशाख. शनिवारी सकाळी भाऊ विहिरीवरून लवकर येईनात, म्हणून मी त्यांना चहाला बोलवायला गेले.

भाऊ म्हणजे माझे वडील. भूगोलाचे शिक्षक. अंधेरीला राहायला आल्यापासून ते आमच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी मोजत. पद्धत साधी होती. पोलादी फितीला शाळेतला खडू घासायचा, टोकाला शिशाचं वजन बांधून ती आत सोडायची. वर ओढली की खडू जिथवर भिजलेला, तिथवर पाणी. त्या दिवशी खडू कोराच वर आला.

"फीत पुरत नाही," ते म्हणाले. जणू दोष फितीचा होता.

"पलीकडे बर्फाच्या कारखान्याच्या विहिरीवर पंप बसल्यापासून दर उन्हाळ्यात पाणी खाली चाललंय, भाऊ. शरदकाकांना सांगा ना."

"दोन-चार उन्हाळ्यांवरून काही ठरत नाही."

"मग किती उन्हाळ्यांवरून ठरतं?"

ते हसले. "तू मास्तरीण झाली असतीस तर पोरं शाळा सोडून पळाली असती."

शरदकाका, म्हणजे शरच्चंद्र, हे त्यांचे जुने मित्र. कारखाना त्यांचाच, वर्सोव्याच्या कोळणी तिथून बर्फ नेत. मित्राचं नाव घ्यायला नको म्हणून भाऊ वर्षानुवर्षं आणखी पुराव्याची वाट पाहत होते. त्या सभ्यपणाचा मला संताप येई. मी तो गिळत असे.

रविवारी भाऊ पुन्हा गेले. फीत पुरेना, म्हणून कठड्यावर पोट टेकून त्यांनी हात आत लांबवला आणि तोल गेला. खाली उघडा कातळ होता.

विहिरीत माणूस गेला, तेव्हा उपसा करायलाच हवा, असं गल्लीनं ठरवलं. होतं नव्हतं ते पाणी काढायचं, गंगाजल शिंपडायचं, नारळ द्यायचा. शरदकाकांनी कारखाना बंद ठेवून आपला पंप उचकटून दिला. विहीर बघता बघता कोरडी झाली. मग तो परत बसवायला मिस्त्री मिळेना, आणि कारखाना बंदच राहिला.

तेराव्याला जेवणं उरकली तेव्हा शेजारची शेवंती विहिरीवरून लगबगीनं आली.

"मृणाल, पुरुषभर पाणी चढलंय गं. वैशाखात! शुद्ध केली ना, म्हणून. भाऊ सारखे मोजत बसायचे. माझी सासू सांगायची, मोजली की विहीर रुसते."

"भाऊंची पुण्याई म्हणा," शरदकाका म्हणाले. "उद्या मिस्त्री येतोय. माझा पंप तुमच्या कामी आला, एवढंच समाधान."

"तुम्ही होतात म्हणून झालं, काका," कोणीतरी म्हणालं.

काकांना सगळं कळत होतं. पाणी कशानं चढलं, हे त्या घरात त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला कळणार? माझ्याकडे न बघता ते सुपारी कातरत राहिले.

मी ताटं उचलत होते, ती खाली ठेवली.

"शरदकाका, पाणी नारळानं चढलेलं नाही. तुमचा पंप बंद आहे म्हणून चढलंय. उद्या तो सुरू केलात की परत उतरेल."

"आजच्या दिवशी कशाला गं हे?" शेवंती पुटपुटली.

"आजच. माझे वडील पट्टीचे पोहणारे होते. आज आहे एवढं पाणी त्या रविवारी असतं, तर ते पायऱ्यांकडे पोहत गेले असते आणि ओल्या धोतरानं घरी आले असते. ते पाण्यात पडलेच नाहीत, काका. तुम्ही पाणी ओढून नेलं, त्या खड्ड्यात पडले. त्यांना हे ठाऊक होतं. तुम्ही दुखावाल म्हणून बोलले नाहीत. मला त्यांचाही राग आहे. पण ते गेले. तुम्ही समोर बसला आहात."