गायत्रीसाठी थांबलेली जीप

"आरे आमशा, काढ ना गाडी! घर मन्ही म्हैस वाट देखी ऱ्हायनी!"

आत बसलेल्या मंगलाबाईनं परत माझा पत्रा बडवला. आता ड्रायव्हर आमशाच थांबलाय, त्यात माझा काय दोष?

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. नवी होते तेव्हा नवापूरच्या एका ठेकेदाराकडं होते. रोज अंघोळ, काचेपुढं झेंडूची माळ. जो तो म्हणायचा, काय गाडी आहे! मग रंग उडाला आणि ठेकेदारानं मला विकून टाकलं. आमशानं घेतलं. आता लोणखेड्याच्या कॉलेजपासून सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत माणसं नेते. आरसा सुतळीनं बांधलाय. दार तर सगळेच आपटतात. पण घाटात मी कुणाला टाकलं नाही.

फक्त मला उभं राहणं सोसत नाही. डोकं फिरतं.

आज उभी आहे ती गायत्रीपायी. ती पहिल्या वर्षाला आहे. नव्या पोरांची आर्थिक साक्षरता मोजायची म्हणून कॉलेजनं पेपर घेतला. कमी मार्कवाल्यांना सुटल्यावर जादा तास, त्यात ही. आणि तिच्या पाड्याकडं जाणारी शेवटची गाडी मीच. मागं रोशनी नावाच्या पोरीची गाडी अशीच चुकायला लागली. बापानं तिला घरी बसवलं. मागच्या बाकावर खिडकीशी बसायची ती. परत चढलीच नाही.

"पेपर सोपा होता," गायत्रीच्या वर्गातली मोहिनी म्हणाली. "दहा माणसांनी दिवसभर शेत निंदलं, माणशी मजुरी तीनशे. खर्च किती? हिनं लिहिलं, जेवणापुरता!"

आमशा हसला. "आमच्याकडं लाह असते. आज सगळा पाडा तिच्या शेतात, उद्या ती त्यांच्या शेतात. जेवण घालायचं, बस."

"पण पेपरात मजुरी दिली होती ना, दादा!"

"तेही खरं. म्हणून तर बसू दे तिला तासाला."

"मंग आम्ही का बठी ऱ्हावानं?" मंगलाबाई भडकली.

"लाह समजा, मावशी. परवा तुम्ही दवाखान्यात अडकला, तेव्हा गाडी थांबलीच ना? ही पोरगी इथंच बसून होती. बोलली का काही?"

मंगलाबाईनं तोंड फिरवलं. पण पत्रा बडवणं थांबलं. मी मात्र आतल्या आत तापत होते. येते की नाही ही?

तेवढ्यात फाटकातून गायत्री पळत आली. ओढणी एकीकडं, दप्तर एकीकडं.

"तुम्ही थांबले?" तिला खरंच वाटेना.

"आते म्हैस तूच दोव!" मंगलाबाई ओरडली आणि सरकून तिला जागा दिली. खिडकीशी.

"येईन ना धार काढायला, मावशी!"

मित्रांनो, मला धुवा, पुसा, नाहीतर राहू द्या. पण शेवटच्या गाडीत बसलात तर एकदा मागं बघत जा, कुणी राहिलंय का. आणि दार जरा हळू... आपटलंच! चावी फिरली. बास, मला आता निघायला हवं.