शिंपल्याचे बाबा आणि मी

“मॅडम, शिंपल्याला बाबा असतात का?”

मित्रांनो, हा प्रश्न शाळेच्या सहलीत आलेल्या एका मुलीने विचारला, तोही मैत्रिणींनी ‘विचारून दाखव, आइस्क्रीम आमच्याकडून’ अशी पैज लावली म्हणून. त्या सगळ्या मागे तोंड दाबून फिदीफिदी हसत होत्या. हसू मलाही येत होतं. पण मी हसले की माझा पंखा खडखडतो, म्हणून गप्प बसले.

मी प्रयोगशाळेतली एक जुनी पेटी आहे. झाकणाचा कोपरा चिकटपट्टीने धरलेला, बटणांवरचे आकडे पुसलेले. डीएनएच्या प्रती काढणं हे माझं काम. बारीक नळ्या पोटात घेऊन मी तापते, निवते, पुन्हा तापते, आणि एकाचे दोन, दोनाचे चार करत जाते. नवी होते तेव्हा काय माझे लाड! मग शेजारी चकचकीत यंत्र आलं आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांचे खोके चढले. आता तर ‘भंगार’ अशी चिठ्ठीही लागली होती. प्रयोगशाळेच्या मॅडम तेवढ्या मला अजून ‘आजीबाई’ म्हणायच्या.

त्या मुलीचे आईबाबा खाडीतले शिंपले काढून विकायचे. तोल राखायला जहाजांच्या पोटात भरलेल्या पाण्याबरोबर एक उपरा शिंपला खाडीत आला आणि ऐसपैस पसरला. मॅडमना शोधायचं होतं, हे पाहुणे एकदाच आले की सारखे येताहेत? एकदाच आले असतील, तर खाडीचा तळ खरवडून त्यांना संपवता येईल. पण त्यात घरचे शिंपलेही जाणार, आणि या कुटुंबाचं काम कित्येक वर्षांसाठी बंद.

म्हणून मॅडमनी डीएनएमधल्या खुणा शोधल्या. प्रत्येक शिंपल्यात एक खूण आईकडची, एक बाबांकडची. निकालाच्या फोटोत प्रत्येक खुणेची एक रेघ उमटते; इथे मात्र सगळ्यांची एकच रेघ, तीही सारखीच. सगळे एकाच घराण्यातले, म्हणजे एकदाच आलेले, असं मॅडमनी ठरवून टाकलं होतं. खरवडायची बोटही ठरली होती.

“असतात की बाबा,” मॅडम हसून म्हणाल्या. “अर्ध्या खुणा त्यांच्याच.”

मुलीने भिंतीवर लावलेल्या त्या फोटोकडे बोट दाखवलं. “मग त्यांची रेघ कुठंय?”

दोन्ही खुणा सारख्या असल्या की रेघा एकावर एक बसतात, असं मॅडम समजावू लागल्या.

“सगळ्यांचेच आईबाबा सारखे? आमच्या वर्गात तर जुळ्या बहिणीही सारख्या नाहीत.”

मॅडम वाक्य अर्धवट सोडून माझ्याकडे वळल्या. खूण पकडणारा त्यांचा डीएनएचा तुकडा जास्त उष्णतेत फार चोखंदळ होतो. खूण जरा वेगळी असली की तो तिला धरतच नाही, आणि तिची रेघ उमटतच नाही. शेजारचं यंत्र दुसऱ्या कामात अडकलं होतं. मॅडमनी माझ्यावरचे खोके उतरवले, तापमानाचा आकडा थोडा खाली आणला आणि मला थोपटत म्हणाल्या, “आजीबाई, आज जरा थंड घ्या.”

घेतलं की! जीव ओतून काम केलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आईबाबांना घेऊन आली. त्यांच्या पायांना चिखल तसाच होता. मॅडमनी नवा फोटो समोर धरला. आता बहुतेक शिंपल्यांच्या दोन-दोन रेघा होत्या, आणि किती तऱ्हेच्या! हे एक घर नव्हतं, अख्खा गाव होता. दर जहाजाबरोबर नवे येत होते.

“म्हणजे खाडी खरवडणार नाहीत?” आईने हळूच विचारलं.

“आधी जहाजांचं पाणी अडवायचं,” मॅडम म्हणाल्या. “आणि ही दुसरी रेघ तुमच्या लेकीने शोधायला लावली.”

माझा पंखा असा खडखडला, की सगळे वळून पाहू लागले.

मित्रांनो, विचित्र प्रश्नाला हसा खुशाल, पण तो ऐकून घ्या. आणि जुन्या पेटीला बाहेर काढण्याआधी एकदा चालवून बघा.

त्या मुलीने माझ्यावरची चिठ्ठी सोलून काढली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. शाळा सुटली की मी रोज इथे येणार. हे चालवायला शिकणार. मॅडमना विचारून झालंय.”

“आणि शिंपले कोण निवडणार?” आईने विचारलं.

“सकाळी मीच. संध्याकाळ मात्र आजीबाईंची.”