बुवांच्या वाटणीच्या ओळी

"मिस्त्री, तुम्ही दारात उभं राहायचं. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

"श्वास घेतला तर चालेल ना, साहेब?"

"नाकानं घ्या," साहेब म्हणाले आणि हातातला कागद उघडून पंपाशेजारी उभे राहिले.

वहिनी हसल्या नाहीत. कारखान्याच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून त्या पंपाकडे बघत होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे बुवा म्हणत, याच पंपावर बावीस वर्षं मिस्त्रींचे जोडीदार होते. गेल्या वर्षी आजारपणात ते गेले आणि त्यांच्या जागी वहिनींना घेतलं, पण तात्पुरतं. आज एकटीनं पंप सुरू करून गाळणीतून पाणी काढून दाखवलं तर नोकरी पक्की, नाही तर उद्यापासून घरी. आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

मिस्त्री मनातल्या मनात देवाला आळवत होते. बाबा रे, बुवानं जन्मभर तुझं नाव गायलं, आज त्याच्या बायकोच्या पाठीशी उभा राहा.

बुवांचा गळा खरोखरच गोड. दोघं नवे होते तेव्हा कामाच्या पायऱ्या डोक्यात राहीनात, म्हणून बुवांनी त्यांना चाल लावली होती. एक ओळ बुवांनी म्हणायची, पुढची मिस्त्रींनी उचलायची, आणि ज्याची ओळ त्यानं ते काम करायचं. रोज सकाळी पंपघरात ही जुगलबंदी रंगे. बुवा घरी दाढी करतानाही गुणगुणत, पण फक्त आपल्या वाटणीच्या ओळी. मधे मिस्त्रींच्या ओळीपुरते थांबत आणि पुढं जात. वहिनींच्या कानात ते गाणं असंच बसलं होतं.

"करा सुरू," साहेब म्हणाले.

वहिनींनी टाकी भरलेली आहे ना ते पाहिलं. मग पुटपुटल्या, "उघडावा येणारा वाल," आणि चाक फिरवून टाकीचं पाणी पंपात घेणारा वाल पूर्ण उघडला. मग थांबल्या.

मिस्त्रींच्या ओठांवर ओळ आली, 'हवा सोडावी सारी'. त्यांनी ओठ मिटले, आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. दोन महिने आपण हिला शिकवलं, शिकवलं म्हणून मिरवलो. पण ही ओळ रोज आपणच म्हटली, आणि हवेची तोटीही सवयीनं रोज आपणच सोडली. हिनं तिला कधी हात लावलाय?

"ठेवावा बंद जाणारा वाल," वहिनींनी बुवांची पुढची ओळ उचलली, "मग दाबावं बटण."

पंप सुरू झाला आणि त्याच्या पोटात खडी भरडावी तसा आवाज उठला. दाबाचा काटा शून्यावरच. साहेबांचं पेन कागदाकडे गेलं, तेवढ्यात वहिनींनी खाडकन बटण बंद केलं.

"बंद का केला? मी सांगितलं का?"

"कोरडा फिरतोय, साहेब. आत हवा अडकलीय. अजून फिरवला तर सील जळेल."

"मग हवा आधी का नाही सोडली?"

"ती ओळ ह्यांच्या वाटणीची नव्हती," वहिनी बोलून गेल्या.

साहेबांना काहीच उमगलं नाही. मिस्त्री न राहवून पुढं आले. "साहेब, चूक माझी आहे..."

"भावजी, गप्प बसा बघू," वहिनी म्हणाल्या. "मी करते."

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं. आवाज बारीक, सुराचा पत्ता नाही. बुवांच्या ओळीनंतर क्षणभरही न थांबता त्यांनी मिस्त्रींची ओळ घेतली. हवेची तोटी सोडताच फुर्रफुर्र करत पाणी उडालं.

"झालं, लावा तोटी," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"अजून फुगे येतायत, साहेब."

अखंड धार लागल्यावरच वहिनींनी तोटी बंद केली, बटण दाबलं. पंप घुमला. काटा चढला. जाणारा वाल त्यांनी बोटाबोटानं उघडला आणि गाळणीचं पहिलं तांबूस पाणी गटाराला सोडलं.

"चुकतात सगळेच," साहेब कागदाची घडी घालत म्हणाले. "कुणी न सांगता बंद करणारे थोडे. सोमवारी ऑफिसात या, पक्कं करून टाकू."

ते गेल्यावर मिस्त्रींनी घसा साफ केला. "वहिनी, आज बुवा असते तर..."

"असते तर मला इथं कोण उभं करत होतं, भावजी?"

गटाराला जाणारी धार आता नितळ झाली होती. पाणी कारखान्यात सोडण्याआधी वहिनींनी वाकून ओंजळ भरली आणि तोंड धुतलं. मग पुन्हा धुतलं. मग पुन्हा.

मिस्त्री पाठमोरे होऊन दाबाच्या काट्याकडे बघत राहिले. काटा केव्हाचाच स्थिर झाला होता.