दोन दारचा जमादार

ही गोष्ट कुणाला पटायची नाही, आणि पटावी म्हणून मी सांगतही नाही. जांबोटीच्या बाजारात ऐकवली तेव्हा एकजण पानाची पिचकारी टाकायची विसरला आणि गिळून बसला. तुम्ही आपले सावलीला बसा, भाकरी सोडा आणि ऐका. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल उठून जावं. फक्त मळणी अर्धी राहिलीय, उठलेल्याला मी बैलांमागं लावीन.

दिल्लीत बादशहाचा दरबार भरला ते साल. आमच्या घरची वाटणी झाली. मी केदारी, धाकटा. थोरला ज्योतिबा, आमचा आण्णा. भांडण कशावरून लागलं ते आता कुणाला आठवत नाही, पण लागलं असं की अंगणाच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. हंडा त्याला, घंगाळ मला. जातं त्याला, उखळ मला. म्हणजे त्यानं माझ्या नावानं दळायचं आणि मी त्याच्या नावानं कांडायचं.

राहिलं कुत्रं.

त्याचं नाव जमादार. कारवानी जातीचं, उंच पायांचं, पोट पाठीला लागलेलं. दोन्ही चुलींची खरकटी खायचं आणि पळायला लागलं की दिसायचं नाही. आमच्या भाताच्या मळ्या अगदी रानाला लागून, मधी एकच बांध. दाणा भरला की रानडुकरं उतरायची आणि उभं पीक लोळवून जायची. जमादार बांधावर असला तर मात्र डुक्कर त्या अंगाला फिरकत नसे. तेव्हा जमादार ज्याचा, वर्षाचा भात त्याचा, हे आम्ही दोघंही ओळखून होतो. आण्णा म्हणाला, पिल्लू मी आणलं. मी म्हणालो, गू मी काढला. पंच म्हणून मल्लाप्पा गावडे बसले होते. ते बराच वेळ कानडीत स्वतःशी पुटपुटले आणि मग मराठीत म्हणाले,

"कुत्रं कापून देता येत न्हाय. मोकळं सोडा. दाणा भरस्तवर ते ज्याच्या दारात जेवाय लागंल, त्याला देऊन टाका. आता मला घरला जाऊ द्या."

मल्लाप्पा घरला गेले आणि आमच्या अंगणात लढाई पेटली.

आण्णाचा मेव्हणा मष्णू बेळगावात क्याम्पाला असायचा, साहेबाच्या बंगल्यावर कुत्री धुवायला. त्यानं तिथनं पत्र्याचा एक डबा आणला. आत विटेएवढी कडक बिस्किटं आणि बाटलीत माशाचं तेल. आण्णानं तो डबा कुडाला लावून मला ऐकू जावं म्हणून बडवला.

"साहेबाची कुत्री ह्येच खात्यात. ह्यात हाडाची पूड हाय. तुझ्या नाचणीवर कोंबडं तरी पोसतंय का रं?"

मी कुडावरनं तोंड काढून म्हणालो, "त्या डब्यात काय कोंबलंय त्ये तुला ठाव न्हाय आनि मष्णूला बी न्हाय. मी माझ्या डोळ्यादेखत पिकल्यालं तेवढंच घालनार."

आणि घातलं बरं. नाचणी त्याच सालची, उन्हात दोनदा वाळवलेली, पोरकिडा लागलेली एक मूठ नाही. तिची आंबील, बिनमिठाची. मिठानं कुत्र्याचे केस झडतात. सकाळी ताजं ताक, दुपारी गावठी अंडं, बाजारादिवशी खाटकाकडचं कच्चं हाड. शिजवलेलं हाड चिरफाळतं आणि घशात रुततं, म्हणून कच्चंच. कांदा नाही, मिरची नाही. अधनंमधनं हळदीची चिमूट, पोट साफ राहावं म्हणून. माझ्या बापाला मी असं जेवू घातलं नव्हतं.

आण्णानं बिस्किटावर लोणी लावलं. मी रानात जाऊन मोहोळ झाडलं आणि आंबिलीत मध सोडला, डोळा सुजून आठवडाभर बंद होता. आण्णानं व्यालेल्या म्हशीचा चीक खरवस न करता कुत्र्याला पाजला. मग मीही मागं राहिलो नाही. माझी मालुबाई तेव्हा बाळंतीण होती. तिच्या माहेरनं डिंकाचे लाडू आलेले, ते मी जमादारापुढं मोडले. मालुबाई पोर मांडीवर घेऊन बघत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "पोराला माझं दूध पुरंना, आनि लाडू कुत्रं खातंय. आता ह्या पाळण्याची दोरी काढा, त्याला झोपाळा बांधा."

तिला काय कळतंय, म्हटलं मी. भात गेला तर लाडू कशाचे येणार?

रात्रंदिवस शिव्या चालू. त्यानं माझ्या वाडग्यात राख टाकली. मी त्याच्या डब्यात म्हशीचं मूत ओतलं. त्यानं मला भाद्रपदातलं कुत्रं म्हटलं, मी त्याला साहेबाच्या कुत्र्याचं उष्टं म्हटलं. बायकांनी पाणवठ्यावरच्या वाटा वेगळ्या केल्या. अंबुबाई वैनीनं तर तेव्हापासून माझ्याशी बोलणंच टाकलंय. ती काय, बांधापलीकडच्या खळ्यावर पाठ करून उपणत उभी आहे. तिचे केस पिकले पण तोंड उघडलं नाही. आण्णा तर देवाघरी गेला, तेव्हा मला खोटं पाडायला तोही यायचा नाही. म्हणजे मी सांगतो तेवढंच खरं धरा.

जमादार सकाळी तिकडं जेवायचा, दुपारी इकडं, आणि दिवेलागणीला जिकडचं वाडगं आधी वाजेल तिकडं. आणि असा पोसला म्हणता! अंगाला असं तेज आलं की मालुबाई त्याच्या कुशीत तोंड बघून कुंकू लावायची. मान वळूसारखी. चालला की कुडाची भिंत डुलायची. एकदा आमच्या दारात अडकला तर सुताराला बोलावून चौकट सोडवावी लागली. बरगडी तर औषधाला दिसत नव्हती. आण्णा म्हणायचा बिस्किटाची किमया, मी म्हणायचो नाचणीची.

दाणा भरला. जमादार चालत बांधावर गेला आणि बरोबर मधोमध बसला. आम्ही दोघं दोन बाजूंना वाडगी घेऊन उभे. मी हाक मारली, आण्णानं मारली. तो दोघांकडं बघून शेपटी हलवी आणि जागचा उठेना. आण्णा म्हणाला, माझ्याकडं तोंड हाय त्याचं. मी म्हणालो, शेपटी माझ्याकडं हाय, आनि हलतीया शेपटीच. झालं. त्यानं माझा पटका ओढला, मी त्याची शेंडी धरली, आणि दोघं चिखलात गडगडलो.

तेवढ्यात रान वाजलं.

कळप उतरला होता. पुढचा डुक्कर छकड्याएवढा, सुळे कोयत्यासारखे. आम्ही भाऊ झाडावर, एकाच फांदीवर, तरी एकमेकांकडं पाठ करून. आणि खाली जमादार उभा राहिला. एकदाच भुंकला. काकतीच्या डोंगरापर्यंत आवाज गेला, आमच्या झाडाची पानं गळाली. मग त्यानं तो म्होरक्या कानाला धरला आणि माझ्या मळीच्या कडेकडेनं असा फरफटत नेला, असा नेला, की सुळ्यांनी नांगरासारखं सरळ तास पडत गेलं. पुढच्या साली मी त्याच तासात पाणी सोडलं. बाकीची डुकरं एकामागं एक रांगेनं मलप्रभेत उतरली. माझ्या मळीतली एक लोंबी वाकली नाही.

मळणीला आलेल्या शामूनं भाकरीचा घास हातातच धरून विचारलं, "आनि आण्णाची मळी?"

"भुईसपाट," मी म्हणालो. "कुत्र्यानं शेवटाला वळखलंच की कुनाचं अन्न खरं. त्या साली माझ्या कणगीत भात मावंना. मालुबाईनं न्हाणीत सुद्धा पोती लावली. आनि तिकडं कुडापल्याड..."

बांधापलीकडं सूप थांबलं. उपणायला वारा चांगला होता, तरी थांबलं. अंबुबाई वैनीनं डोक्यावरचा पदर नीट केला, कोंडा झटकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड केलं.

"भावजी," ती म्हणाली, "त्या साली दोन्ही घरात दाणा न्हवता. मी आनि मालू रानातलं कंद उकडून पोरास्नी घालत व्हतो, एका चुलीवर. डुकरं दोन्ही मळ्या खाऊन गेली, आनि जाताना जमादाराला वलांडून गेली. उठाय बघत व्हतं बिचारं. पोटच उचलंना त्याचं."