उन्हाळीवरचं लिंबूपाणी

"वहिनी, रिपोर्टात जंतू सापडत न्हाईत, मग ही उन्हाळी कशी? मोठ्या डॉक्टरला दावा," असं नणंद सुरेखानं बजावलं, तेव्हा वृषालीनं कानाडोळा केला. लघवीला आग झाली की उन्हाळी आणि उन्हाळीवर लिंबूपाणी, हे पुणतांब्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पदवी घेतलेली वृषालीही तांब्याभर प्यायची आणि पुन्हा मोरीकडे पळायची. रडतं बाळ खाली ठेवायचं, जाऊन यायचं, की परत कळ. बाळाला लसीचा डोस द्यायला एसटीनं कोपरगावला जायचं म्हटलं तरी तिला धडकी भरायची.

शेवटी ती राहात्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी विचारलं, "आग झाली की काय घेता?"

"लिंबूपाणी. सारखंच."

"म्हणजे आगीत तेल. अहो, लघवीच्या पिशवीचं अस्तर हळवं झालंय. कित्येकांना आंबट सोसत नाही. लिंबू, चहा बंद करून बघा, साधं पाणी थोडं थोडं प्या. गोळ्या देते, व्यायाम दाखवते. जुनाट दुखणं आहे, दमानं उतरेल."

आग हळूहळू उतरली, पार गेली नाही. पण वृषाली बाळाला घेऊन एसटीत बसू लागली.

"ऐकलं म्हनायचं आमचं," सुरेखा म्हणाली.

वृषालीचं लक्ष मात्र सासूबाईंकडे होतं. त्या मघापासून मोरीत ये-जा करत होत्या.

"तुम्हालाही त्रास होतोय का?"

"वयाचं हाय गं," म्हणत त्यांनी नजर चुकवली.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. आज जरा जवळ बसून विचारा.