रसायनविरहित

वेष्टनांवर ‘रसायनविरहित’ असं छापून धाकटीने पहिला गठ्ठा घरी आणला, तेव्हा तिची जाऊ मागच्या खोलीत गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून कॉस्टिक सोडा तोलत होती. धाकटीने दारातूनच एक वेष्टन उलगडून दाखवलं. वर पानांची नक्षी, खाली मातीच्या रंगाची अक्षरं.

थोरलीने काट्यावरची नजर न काढता विचारलं, "मग मी हे काय तोलतेय, पिठीसाखर?"

"पण ताई, शेवटी साबणात तो उरत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"उरत नाही म्हणजे घातलाच नाही, असं होतं का?"

"लोकांना एवढं खोलात जायचं नसतं," धाकटी म्हणाली आणि गठ्ठा कपाटात रचायला गेली.

थोरलीने बावीस वर्षं साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काढली होती. कारखान्याला टाळं लागलं आणि ती घरी बसली. धाकटी एका ट्रॅव्हल कंपनीत फोनवर बोलायचं काम करायची. तिचा आवाज असा, की वाळवंटाच्या तिकिटासाठी फोन करणाऱ्यानेही पोहण्याचे कपडे विकत घ्यावेत. एकीचे हात, दुसरीची जीभ, असं जुळवून दोघींनी घरच्या घरी साबण सुरू केला. मागची अडगळीची खोली रिकामी झाली, तिथे तेलांचे डबे आले, भिंतीला फळ्या लागल्या. त्यांवर कापलेल्या वड्या सहा आठवडे सुकत पडायच्या. थोरली रोज त्या उलटायची. साबण घाई सहन करत नाही, हे तिला ठाऊक होतं. धाकटीला साबणापेक्षा साबणाचे फोटो प्रिय.

फोटोंसाठीच धाकटी वड्यांवर वाळलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवायला लावी. दोन आंघोळींत त्या काळ्या पडत आणि मोरीच्या जाळीपाशी उंदराच्या लेंड्यांसारख्या जमत. थोरलीने हे अगदी याच शब्दांत सांगून पाहिलं.

"फोटोत छान दिसतात," धाकटी म्हणाली.

रविवारच्या बाजारात थोरली एकदाच गेली. डोक्याला वाइनचा रंग आणि नखांना चकाकी लावलेली एक बाई वडी नाकाशी धरून म्हणाली, "यात केमिकल नाही ना?"

"पाणी आहे," थोरली म्हणाली. "तेही केमिकलच."

बाईने वडी खाली ठेवली. धाकटीने मध्ये पडून, ‘ताई फार गमत्या आहेत’ असं हसत सांगून तीच वडी आणखी दोन वड्यांसकट तिच्या पिशवीत घातली. परतताना ती गोड आवाजात म्हणाली, "ताई, उन्हातान्हात तुम्ही कशाला येता?" त्यानंतर थोरली मागच्या खोलीतच राहिली. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, हे तिला वेष्टन बघताच कळलं होतं. तरी ती गप्प बसली. काम हातचं होतं, साबण चांगला होता. बाहेर जीभ काय बोलते ते जिभेने बघावं.

थंडीत फाटलेल्या टाचांसाठी आणि ठणकणाऱ्या गुडघ्यांसाठी त्यांनी मलम काढलं. मेण, दोन तेलं आणि दालचिनीच्या तेलाचे मोजके थेंब. किती थेंब ते थोरलीने चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावलं.

"वासच येत नाही ताई. डबी उघडली की कसा नाकात शिरला पाहिजे."

"नाकात शिरतो तो कातडीतही शिरतो. हे दालचिनीचं तेल आहे, गुलाबपाणी नव्हे."

धाकटीने मान डोलावली. तिची मान नेहमीच डोलायची.

पुढे थोरली आठ दिवस बहिणीकडे गेली. साबण करायला धाकटीचा हात धजला नसता, पण मलमाला काय, मेण वितळवायचं आणि ओतायचं. तिने चाळीस डब्या ओतल्या आणि चार दिवसांत खपवल्याही.

थोरली परतली त्या सकाळी धाकटी फोनवर होती. "गालालाही लावलंत? लाल झालं? जळजळतंय? छान," ती सांगत होती. "विष बाहेर पडतंय. सगळ्यांचं पडत नाही हो, ज्यांची त्वचा जिवंत असते त्यांचंच पडतं." पलीकडच्या बाईने आणखी दोन डब्या मागवल्या.

थोरली पायातल्या चपलांसकट तिथेच उभी राहिली. कारखान्यात अंगावर पुरळ आल्याची एक चिठ्ठी आली तरी अख्खा घाणा थांबवत, तेलाच्या टाकीपर्यंत मागे जात. इथे तक्रारीचीच जाहिरात झाली होती. टेबलावर नवी पत्रकंही होती: ‘पहिले सात दिवस जळजळ होणे हे शुद्धीचे लक्षण.’

शिल्लक ठेवलेली एक डबी तिने उघडली. डोळ्यांत पाणी आलं.

"किती घातलंस?"

"अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे किती?"

"बाटलीत होतं तेवढं." धाकटी जरा चाचरली, मग सावरून म्हणाली, "पण ताई, निसर्गातलं आहे. त्याने कधी कुणाचं वाईट झालंय?"

"खाजकुयलीही निसर्गातलीच. ती लाव गालाला आणि बस सात दिवस."

धाकटीने तोंड फुगवलं. थोरलीला तिच्यापेक्षा गिऱ्हाइकांचाच जास्त राग आला. गाल भाजतोय आणि बाई आरशापुढे उभी राहून स्वतःचं कौतुक करतेय. अशांचे गाल भाजले तर भाजोत, असं तिच्या मनात आलं, आणि ते आलं याचं तिला त्या घडीला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना आंघोळ घालायला गेली. एरवी पाठ चोळायला त्या स्वतःच हाक मारत, आज ‘नको, मी माझी करते’ म्हणून दार लोटू लागल्या. थोरलीने दार धरलं. सासूबाईंनी नाइलाजाने लुगडं गुडघ्यांवर घेतलं. दोन्ही गुडघे आणि खालच्या नडग्या लालभडक होत्या, मध्ये मध्ये फोड फुटून ओल आली होती.

"आई, हे कधीपासून?"

"झाले चार दिवस. धाकटी म्हणाली विष निघतंय, सात दिवस सोसायचं."

"आणि तुम्ही सोसताय?"

"ऐंशी वर्षांचं साठलेलं असणार गं," सासूबाई म्हणाल्या. "निघायला वेळ लागायचाच. तू धाकटीला बोलू नकोस हं. मायेने लावून देते."

थोरली गार पाण्याचा तांब्या हळूहळू त्यांच्या गुडघ्यांवर ओतत राहिली. कालपर्यंत हसायला मूर्ख सापडत होते, तोवर बरं होतं. आता समोर ही म्हातारी होती, आणि वेष्टनाचा पहिला गठ्ठा आला त्या दिवशी गप्प बसलेली ती स्वतः होती. फळ्यांवरच्या वड्या सुखाने सुकाव्यात, एवढ्यासाठी.

त्वचेच्या डॉक्टरकडे धाकटीही आली. डॉक्टरने विचारलं, "काय लावलं होतं?"

"नैसर्गिक आहे," धाकटी म्हणाली.

"निसर्ग मोठा आहे. त्यातलं नेमकं काय?"

धाकटीचा आवाज पहिल्यांदाच कमी पडला. थोरलीने तेलाचं नाव आणि प्रमाण सांगितलं. डॉक्टरने मान न उचलता लिहून घेतलं. मलम ताबडतोब बंद आणि पंधरा दिवस पट्ट्या.

रिक्षात धाकटी म्हणाली, "आईंची त्वचा मुळात नाजूक."

घरी येताच थोरलीने पत्रकं फाडली, उरलेली डबी कचऱ्यात टाकली आणि गिऱ्हाइकांची वही धाकटीपुढे ठेवली. "एकेकीला फोन कर. सांग, वापरू नका, चूक झाली."

"नाव बुडेल, ताई."

"मग मी करते."

तिने दोन दिवस बसून सगळ्यांना फोन केले. दोघी-तिघींनी आभार मानले. पाच-सहा जणी भांडल्या: आम्हाला गुण येतोय, तुमच्या पोटात का दुखतं? एकीने विचारलं, "तुम्ही दुसऱ्या कंपनीकडून बोलताय का?"

"नाही," थोरली म्हणाली. "ज्या घरात ते मलम झालं त्याच घरातून बोलतेय."

"मग घरच्यांच्या वाइटावर का उठलात?" असं म्हणून बाईने फोन ठेवला.

थोरलीने धाकटीसाठी साबण करणं थांबवलं. तिला वाटलं होतं, आता हिचं दुकान बसेल. उथळ पाण्याचा खळखळाट किती दिवस चालणार? पण धाकटीने घाऊक बाजारातून तयार साबणाच्या लाद्या आणल्या. त्या नुसत्या वितळवायच्या, रंग घालायचा, वर कळ्या टाकून साच्यात ओतायचं. तासाभरात वडी तयार, काचेसारखी पारदर्शक. लादीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत वीस-बावीस रसायनांची नावं होती. खोकी रद्दीत गेली, वेष्टन तेच राहिलं. खप पूर्वीपेक्षा वाढला.

सासूबाईंचे गुडघे बरे झाले, डाग राहिले. दोघी जावा एकाच टेबलावर जेवतात. लोणच्याची बरणी सरकवण्यापुरतं बोलतात.

थोरलीने मग स्वतःचं टेबल घेतलं, त्याच बाजारात, दुसऱ्या टोकाला. बिनरंगाच्या, बिनवासाच्या वड्या, आणि साध्या कागदावर यादी: खोबरेल, एरंडेल, पाणी, कॉस्टिक सोडा. त्याखाली, सोडा सगळा साबणात मुरतो, हेही लिहिलं होतं. एवढं खाली कुणी वाचत नसे. चौथ्या शब्दावर बायका वडी अशी ठेवत जणू चटका बसला, आणि कळ्यांच्या वासाच्या दिशेने चालू लागत. थोरलीने एकीलाही थांबवलं नाही. समजावण्याची हौस तिची फिटली होती.

एका रविवारी गॅरेजमधला एक मेकॅनिक आला. बोटांच्या पेरापेरांत काळा. त्याने कागद वाचला नाही.

"ग्रीस निघेल का?"

"निघेल. हात फाटणार नाहीत."

"वास कसला आहे?"

"साबणाचा."

त्याने चार वड्या घेतल्या आणि खिशात टाकून निघून गेला.